बारावीनंतर न्यूट्रिशन घेतलं तर पुढे स्कोप काय? तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स पुरत नाही का?

नाही पुरत.

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, ‘शेवटी डाएट चार्टच लिहायचे असतील तर मुलीची तीन वर्षं बी.एस्सी.त कशाला घालवू?’ त्या एका वाक्यासाठी हे उत्तर लिहितेय. मी बारावीला असताना आमच्या थोरल्या काकांनी भर बैठकीत हेच विचारलं होतं. त्यांचे शब्द होते, ‘भाजी-आमटी शिकायला कॉलेज कशाला?’ आज मी एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात डाएटीशियन आहे. जास्त करून किडनीचे पेशंट बघते.

आमच्याकडे मिरज भागातले एक शेतकरी डायलिसिसला यायचे. पन्नाशीचे, शिस्तीचे, एकही पाळी न चुकवणारे. तरी रक्तातलं पोटॅशियम काही खाली येईना. एकदा तर रिपोर्ट 6.8 आला. नॉर्मल पाचच्या आसपास संपतं. इतकं वर गेलं की हृदयाचे ठोके कधी बिघडतील याचा नेम नसतो. फाइलवर ‘लो पोटॅशियम डाएट’ असं लिहून त्यांना माझ्याकडे पाठवलं. घरी बघावं तर सगळं चोख चाललेलं. शहाळं बंद, केळी बंद, भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि पाणी फेकायचं. त्यांच्या घरच्या काकू रडकुंडीला आलेल्या, ‘आता ह्यांना खायला घालू तरी काय?’

आम्हाला कॉलेजात चोवीस तासांचा रिकॉल घ्यायला शिकवतात. कालपासून आजपर्यंत तोंडात काय काय गेलं, वाटी केवढी, चमचा कुठला, तेल किती. ऐकायला सोपं वाटतं, पण यायला वर्ष-दीड वर्ष जातं. माणूस खोटं बोलत नाही. जे त्याला खाणं वाटत नाही ते सांगायचं राहून जातं. म्हणून मी ‘काय खाल्लं’ हे विचारणं सोडलं आणि काकूंना म्हटलं, ‘गॅस पेटवला, कढई ठेवली. पुढे सांगा.’ तेल, मोहरी, कांदा, उकळून पिळलेला दोडका, हळद, तिखट. ‘मग मीठ.’ कुठलं मीठ? ‘ते बीपीवाल्यांचं, हलकं. त्या न्यूट्रिशनच्या सरांनी सांगितलेलं.’

दुसऱ्या खेपेला पाकीट मागवून घेतलं. लो सोडियम मीठ. त्यात सोडियमचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. या पाकिटावर 30 टक्के लिहिलेलं. म्हणजे 5 ग्रॅमच्या चमच्यात दीड ग्रॅम, आणि पोटॅशियम क्लोराइडच्या वजनात निम्म्याहून थोडं जास्त निव्वळ पोटॅशियम. एका चमच्यात पाऊण ग्रॅमच्या वर गेलं. त्यांना दिवसभरात सगळं मिळून दोन-अडीच ग्रॅमची मुभा होती. भाजीचं पाणी फेकून काकू जे काढत होत्या, ते मिठातून परत आत जात होतं.

ते ‘सर’ म्हणजे वजन कमी करायचा क्लब चालवणारा, छोटा ऑनलाइन कोर्स केलेला एक मुलगा. त्याने किडनी म्हटल्यावर डाळ, अंडं, दूधही बंद करायला लावलं होतं. डायलिसिस सुरू व्हायच्या आधी प्रोटीन कमी ठेवतात, हे खरं. पण डायलिसिसमध्ये प्रोटीन वाहून जातं, म्हणून सुरू झाल्यावर वजनाच्या दर किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम लागतं. तोच आजार, तोच माणूस आणि सल्ला बरोबर उलटा. हे तीन महिन्यांत शिकवायला वेळच नसतो. मीठ बदललं, अंड्याचा पांढरा भाग सुरू केला, आणि पुढच्या रिपोर्टांत पोटॅशियम साडेपाचच्या आत आलं.

आता भाजी-आमटीचं. हो, आम्हाला स्वयंपाक शिकवतात, आणि मला त्याचा अभिमान आहे. लॅबमध्ये डाळ कच्ची तोलायची, शिजवून तोलायची, वाटीने मोजायची. घरच्या पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम 20 ग्रॅम डाळ जाते, म्हणजे प्रोटीन 4 ग्रॅमच्या आसपास. हे हातात बसलेलं नसेल तर ‘रोज वाटीभर डाळ खा’ या सल्ल्याला अर्थ नाही. सोबत बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी, स्टॅटिस्टिक्स असतंच. काकांना मी तेव्हा कमला सोहोनींचं नाव सांगायला हवं होतं. 1939 साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवून आलेल्या या बाईंनी पुढे कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत काम केलं आणि मुंबईत नीरेवर संशोधन केलं. तीच कुन्नूरची प्रयोगशाळा नंतर हैदराबादला गेली. आजची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच. आपण रोज वापरतो ते भारतीय अन्नघटकांचे तक्ते तिथेच तयार झाले.

स्कोप विचारलात म्हणून सांगते. हॉस्पिटल ही एक वाट. त्यासाठी बी.एस्सी.वर थांबून चालत नाही. एम.एस्सी. किंवा डाएटेटिक्सचा पी.जी. डिप्लोमा, हॉस्पिटलातली इंटर्नशिप आणि मग इंडियन डाएटेटिक असोसिएशनची आर.डी. म्हणजे रजिस्टर्ड डाएटीशियनची परीक्षा. दुसरी वाट सरकारी. बालविकास प्रकल्प अधिकारी, कुपोषित मुलांची पुनर्वसन केंद्रं, मेळघाट-नंदुरबारकडे काम करणाऱ्या संस्था. फूड कंपन्यांत नवी उत्पादनं, लेबलं आणि एफ.एस.एस.ए.आय.चे (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे) नियम सांभाळायला माणसं लागतात. शिकवायचं असेल तर नेट-सेट. परदेशाचं डोक्यात असेल तर तिथली नोंदणी वेगळी करावी लागते, आपली डिग्री आपोआप चालत नाही.

पैशाचं लपवत नाही. माझा पहिला पगार 15 हजारांच्या आत होता, आणि आजही नव्या मुलींना फार मिळत नाही. इंजिनिअर भावाशी तुलना करत बसलात तर दर दिवाळीला घरात तोच विषय निघेल. आमच्याकडे निघायचा. आर.डी. झाल्यावर आणि एखाद्या विषयात, किडनी, आय.सी.यू., लहान मुलं, हात बसल्यावर चित्र बदलतं. 2021 च्या संबद्ध आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्यात आहारतज्ज्ञही आहेत. त्याची नोंदणी नीट लागू झाली की डिग्रीवाल्यांनाच फायदा आहे.

ऑनलाइन कोर्स सगळेच टाकाऊ आहेत असं नाही. डिग्रीनंतर स्पोर्ट्स वगैरेसाठी मीही केलेत. आणि मी हॉस्पिटलच्या बाजूनेच बोलतेय, कंपनीत काम करणारी मैत्रीण कदाचित वेगळं सांगेल.

मुंबईत एस.एन.डी.टी. आणि निर्मला निकेतन, बडोद्याचं एम.एस. विद्यापीठ, दिल्लीचं लेडी आयर्विन ही या विषयातली जुनी नावं. जवळचं कॉलेज घेणार असाल तर जाऊन दोनच गोष्टी विचारा, फूड लॅब रोज चालते का आणि इंटर्नशिप कुठल्या हॉस्पिटलात देतात. आणि मुलीला विचारा, केमिस्ट्री मनापासून आवडते का. ‘नाही’ म्हणाली तर दुसरं बघा. ‘हो’ म्हणाली तर फॉर्म भरा, आणि नातेवाइकांना काय उत्तर द्यायचं ते तिच्यावर न सोडता तुम्ही स्वतः द्या.