‘आरोग्य’ की ‘स्वास्थ्य’?

प्रश्न असा आहे: लोकसभेत आरोग्य मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्यांवर झालेल्या चर्चेचा एक भाग प्रश्नकर्त्या मराठीत आणत आहेत. हिंदीत बोलणारे सदस्य सरसकट ‘स्वास्थ्य’ म्हणतात. यांनी त्या जागी सगळीकडे ‘आरोग्य’ लिहिलं, तर एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी अडवलं. त्यांचं म्हणणं, ‘आरोग्य’ म्हणजे नुसतं रोग नसणं. ‘स्वास्थ्य’ त्याहून व्यापक, तेव्हा मूळ शब्दच राहू द्या. वर ‘आरोग्य बिघडलं’ हा प्रयोगही त्यांनी चुकीचा ठरवला. रोगाचा अभाव बिघडेल कसा, असा त्यांचा सवाल.

‘आरोग्य’च ठेवा. पण सहकाऱ्यांचा मुद्दा अगदीच हवेतला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

व्युत्पत्ती त्यांनी सांगितली तशीच आहे. ज्याला रोग नाही तो ‘अरोग’, आणि त्याची स्थिती ते ‘आरोग्य’. यातून एक गंमत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1946 च्या घटनेत जी व्याख्या आहे ती मराठीत साधारण अशी येते: आरोग्य म्हणजे शारीरिक, मानसिक आणि सामाजिक दृष्टीने पूर्ण सुस्थिती, केवळ रोगाचा किंवा दुबळेपणाचा अभाव नव्हे. आता शब्द फोडून वाचा. ‘रोग नसणं म्हणजे केवळ रोग नसणं नव्हे’! आरोग्यावरच्या भाषणात ही व्याख्या हमखास येते, आणि दरवेळी मला हे वाक्य स्वतःच्याच पायात अडखळल्यासारखं वाटतं.

पण शब्दाचा अर्थ त्याच्या जन्मदाखल्यावर ठरत नाही. चरकसंहितेतच ‘सुखसंज्ञकमारोग्यम्’ असं म्हटलं आहे. ज्याला सुख म्हणतात ते आरोग्य. म्हणजे नकारातून जन्मलेल्या या शब्दाला भरीव अर्थ फार जुन्या काळीच मिळाला होता. मराठीत तर त्यातला नकार आपल्याला ऐकूही येत नाही. पुरावा हवा असेल तर ‘अनारोग्य’ हा शब्द घ्या. ‘अनारोग्यकारक वस्ती’ असं आपण बिनदिक्कत लिहितो. पोटात एक नकार असताना वर दुसरा चढवला, तरी कुणाला हिशोब करावा लागत नाही.

आता ‘स्वास्थ्य’. सहकाऱ्यांच्या मनात बहुधा सुश्रुताचा श्लोक असावा: दोष, अग्नी, धातू, मलक्रिया सगळं सम, आणि आत्मा, इंद्रियं, मन प्रसन्न, तो ‘स्वस्थ’. व्याख्या सुंदरच आहे. हिंदीने हा अर्थ बऱ्यापैकी टिकवला. मराठीत मात्र ‘स्वस्थ’ने वेगळी वाट धरली. ‘जरा स्वस्थ बस की!’ हे आपण पोराला सांगतो तेव्हा त्याच्या धातुसाम्याबद्दल बोलत नसतो. स्वस्थ म्हणजे चळवळ न करता, गप्प, निवांत. आणि ‘अस्वस्थ’ म्हणजे बेचैन. हिंदीत मात्र ‘अस्वस्थ’ माणूस सरळ आजारी असतो. आता ‘सरकार जनता को स्वस्थ रखने के लिए प्रतिबद्ध है’ अशा धाटणीचं वाक्य जसंच्या तसं उचलून पाहा: ‘जनतेला स्वस्थ ठेवण्यास सरकार कटिबद्ध आहे’. मराठी कानाला हे जनतेला गप्प बसवण्याचं आश्वासन वाटेल, आणि विरोधी बाकांना आयतं कोलीत मिळेल. इथे ‘निरोगी ठेवण्यास’ म्हणा. ‘सुदृढ’ही चालेल, पण त्यात शरीराची बळकटी जास्त दिसते.

‘स्वास्थ्य’ हे नाम मराठीत आहेच, पण त्याचा कल मनाकडे आहे. मनःस्वास्थ्य, ‘जिवाला स्वास्थ्य नाही’. शरीराच्या बाबतीत ते एका ठिकाणी हटकून भेटतं: ‘प्रकृती अस्वास्थ्यामुळे मंत्री महोदय उपस्थित राहू शकत नाहीत’. तिथेही ‘प्रकृती’चा टेकू लागतो, हे लक्षात घ्या. नुसतं ‘मंत्री अस्वास्थ्यामुळे गैरहजर’ म्हटलं, तर राजीनाम्याच्या वावड्या उठतील.

‘आरोग्य बिघडलं’चं उत्तरही इथेच आहे. व्याकरणाच्या अंगाने त्यात काही चूक नाही. ‘आरोग्य’ला भरीव अर्थ मिळालेला असल्याने ते बिघडू शकतं. खटकतं ते वेगळ्या कारणाने. एकट्यादुकट्या माणसाची मराठीत ‘प्रकृती’ किंवा ‘तब्येत’ बिघडते. गावाचं, शहराचं, जनतेचं ‘आरोग्य’ धोक्यात येतं. ‘आरोग्य कसं आहे तुमचं?’ असं कुणी विचारत नाही. ‘आरोग्याची काळजी घ्या’ हे आपण एका माणसालाही म्हणतो, त्यामुळे भिंत पक्की नाही, पण कल स्पष्ट आहे. त्यामुळे भाषणात एखाद्या रुग्णाची हकीकत आली तर ‘प्रकृती’ वापरा, साथीची किंवा कुपोषणाची आली तर ‘आरोग्य’. हिंदी दोन्हीकडे ‘स्वास्थ्य’ने भागवेल, तुम्ही भागवू नका.

शिवाय ‘आरोग्य’ ही काही मराठीची एकटीची लहर नाही. गुजरातीत, कन्नडमध्ये, तेलुगूत प्राथमिक केंद्र ‘आरोग्य’चंच असतं, ‘प्राथमिक स्वास्थ्य केंद्र’ हिंदीचं. संविधानाच्या 47 व्या अनुच्छेदात हिंदी पाठ ‘लोक स्वास्थ्य’ म्हणतो, मराठी पाठ ‘सार्वजनिक आरोग्य’. केंद्राने 2023 मध्ये ‘हेल्थ अँड वेलनेस’ केंद्रांचं नाव बदललं, तेव्हा निवडलं ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’. म्हणजे दिल्लीलाही प्रसंगी आमचा शब्द गोड लागतो. योजनांची विशेषनामं मात्र भाषांतरित करू नका. ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ महाराष्ट्रातही त्याच नावाने चालतो.

इथपर्यंत तुमच्या प्रश्नाचं उत्तर झालं. पण अशा चर्चांच्या अनुवादात खरा खड्डा ‘सार्वजनिक’ या शब्दाशी आहे, आणि त्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही.

‘पब्लिक हेल्थ एक्स्पेंडिचर’ हे शब्द आरोग्यावरच्या इंग्रजी भाषणांत फार येतात. यात ‘पब्लिक’ कुणाचं विशेषण? खर्चाचं धरलं, तर अर्थ होतो सरकारने आरोग्यावर केलेला खर्च. त्यात मोठ्या रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहातलं यंत्रही आलं. ‘हेल्थ’ला चिकटवलं, तर अर्थ होतो सार्वजनिक आरोग्यावरचा, म्हणजे लसीकरण, रोगांवर पाळत, डासनिर्मूलन अशा कामांवरचा खर्च. दोन आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 2.5 टक्क्यांचं लक्ष्य ठेवलं होतं, तेव्हाचा आकडा 1.15 टक्के दिला होता. सभागृहात सगळे ज्या ‘अडीच टक्क्यां’वरून भांडतात ते हेच, आणि ते पहिल्या अर्थाचे आहेत. ‘पब्लिक हेल्थ एक्स्पेंडिचर’चं ‘सार्वजनिक आरोग्य खर्च’ असं तीन सुट्या शब्दांत भाषांतर केलं, की मराठी वाचक दुसरा अर्थ घेऊन मोकळा होतो. ‘आरोग्यावरील सरकारी खर्च’ लिहा. शब्दक्रम बदलला की संदिग्धता संपते.

दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे संविधानाच्या सातव्या अनुसूचीतही दिसतं. राज्य सूचीतली 6 वी नोंद पाहा: आधी सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता, मग अर्धविराम, मग रुग्णालये व दवाखाने. त्या अर्धविरामाची आठवण ठेवा. एखादा सदस्य ‘स्वास्थ्य सेवाएँ’ म्हणून डॉक्टरांच्या रिक्त पदांबद्दल आणि खाटांबद्दल बोलत असेल, तर ते ‘आरोग्यसेवा’. दूषित पाण्याच्या कारणांबद्दल बोलत असेल, तर ते ‘सार्वजनिक आरोग्य’. ‘आरोग्यसेवा’ मी जोडून लिहितो. समास आहे, तोडायचं कारण नाही. सरकारी कागदांवर दोन्ही सापडतं.

याच धाग्यातलं आणखी एक. ‘स्वास्थ्य का अधिकार’ आलं की अनुवादकाचा हात ‘आरोग्यसेवेचा हक्क’ लिहायला वळतो, कारण ‘आरोग्याचा हक्क’ वाचताना पुन्हा ती व्युत्पत्ती आडवी येते: रोग न होण्याचा हक्क कोण देणार? हा मोह टाळा. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या समितीने 2000 साली हे स्पष्टच करून ठेवलं आहे, की आरोग्याचा हक्क म्हणजे निरोगी असण्याचा हक्क नव्हे. त्यात उपचार येतात, तसंच पिण्याचं पाणी, पुरेसं अन्न, सुरक्षित कामाची जागाही येते. ‘सेवे’चा हक्क म्हटलं की हक्क अर्धा होतो, आणि ज्या सदस्याने तो मागितला त्याच्या तोंडी तुम्ही कमी मागणी घातलेली असते.

तुमच्या मसुद्यात ‘लोक स्वास्थ्य’चं ‘लोकआरोग्य’ झालेलं दिसतं. संधी केली तर ‘लोकारोग्य’ होईल, आणि तेही कुणी म्हणत नाही. ते तेवढं ‘सार्वजनिक आरोग्य’ करा.