पक्ष्यांच्या नोकरीसाठी इंग्लंडला यावं का? देवगडच्या मित्राला उत्तर

देवगडहून एकाने विचारलंय: कांदळवनाच्या प्रकल्पात कंत्राटी आहे, खाडीवर पक्षी मोजतो, पगार महिनोन् महिने लांबतो. इंग्लंडला एम.एस्सी. करून तिथेच पाणथळ पक्ष्यांच्या संवर्धनाची नोकरी धरावी असं डोक्यात आहे. बायको तयार आहे, मुलगी दुसरीत. ‘दादा, तिथे एकटं वाटतं का? खरं काय ते सांगा.’

दादा म्हणालास म्हणून अरे-तुरे करतो. मी गुहागरकडचा. दापोलीला फॉरेस्ट्री केली, तुझ्यासारखीच खाडीवर कंत्राटी केली, आणि आता इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, वॉशच्या आखाताजवळ एका राखीव पाणथळीवर संवर्धन अधिकारी आहे. सध्या रजेवर घरी आलोय. तुझा प्रश्न वाचला आणि काल रात्री झोप लागली नाही, त्यामुळे हे लांबणार.

व्हिसाचे प्रकार, फी, टीबीची तपासणी हे सगळं सरकारी संकेतस्थळावर आहे, ते वाच. दोनच गोष्टी शेजारी ठेवून बघ. जानेवारी २०२४ पासून नुसत्या वर्गातल्या एम.एस्सी.ला जाणाऱ्याला बायको-मूल सोबत नेता येत नाही. संशोधनाचा अभ्यासक्रम असेल तरच नेता येतं. आणि शिकून झाल्यावर नोकरीच्या व्हिसाला जुलै २०२५ पासून पगाराची सर्वसाधारण अट वर्षाला ४१,७०० पाउंड आहे. नवख्यांना थोडी सूट मिळते, पण आपल्या कामातल्या सुरुवातीच्या जागा तीस हजारांच्या आसपासच, त्याही बऱ्याचदा वर्ष-दोन वर्षांच्या. मी गेलो तो बायकोच्या व्हिसावर. ती नर्स आहे. ‘बायकोचा पदर धरून गेला’ असं वाडीत बोलतात. बोलू देत, खोटं काही नाही त्यात. ती रात्रपाळी करायची आणि मी पाणथळीवर फुकटात चर खणायला जायचो, तेव्हा कुठे नोकरीच्या मुलाखतीपर्यंत पोचलो. माझ्या ओळखीत थेट या कामावर व्हिसा मिळालेला आपला एकही माणूस नाही.

कागदांचं सांगतो, कारण तो राग अजून गेलेला नाही. अनुभवाचा दाखला मागायला गेलो तर ओळखणारे साहेब बदलून गेलेले. नव्या साहेबांनी एक ओळ दिली: ‘सदर इसमाने समाधानकारक काम केले.’ काय काम? किती वर्षं? पक्षी मोजले की चहा आणला? त्यात पदवीवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, आणि मधल्या वडिलांच्या नावाचं स्पेलिंग दोन्हीकडे वेगळं. प्रतिज्ञापत्रं करून करून वकिलाशी घरोबा झाला. तू आत्ताच, साहेब आहेत तोवर, कुठल्या खाडीत काय केलंस ते तपशिलाने लेटरहेडवर लिहून घे. आणि गाडी नीट शिकून ये. आपल्या लायसन्सवर तिथे बाराच महिने चालवता येतं, पुढे त्यांची परीक्षा द्यावीच लागते. पाणथळीला एस.टी. जात नाही.

आता काम. पक्षी बघणं त्यात सगळ्यांत कमी. खरं काम पाणी, गुरं आणि माणसं. चरांच्या तोंडाशी लाकडी फळ्या असतात. एक फळी चढवली की कुरणात पाणी चढतं, काढली की उतरतं. वसंतात माती ओली हवी, नाहीतर टिटवीच्या आणि टिलवा या लांब पायांच्या पाणपक्ष्याच्या पिल्लांना किडे मिळत नाहीत. जास्त झालं की घरटी बुडतात. पलीकडच्या शेतकऱ्याला त्याचे बटाटे कोरडे हवे असतात, तो फोन करतो. पहिल्यांदा त्या फळ्या बघितल्या आणि मी मनात म्हटलं, ही तर आपली उघाडी, खारजमिनीच्या बांधातलं पाण्याचं दार! आमच्या खारातल्या उघाडीच्या झडपेत ओंडका अडकला की भरतीचं पाणी आत शिरायचं आणि बाबा रात्री कंदील घेऊन जायचे. तिथे मी टॉर्च घेऊन जातो. गुरं गवत कापतात, पण सारखं नाही: टिटवीला आखूड लागतं, टिलव्याला घरटं लपवायला झुबका लागतो. कोल्हा आत येऊ नये म्हणून विजेची तार असते. खालचं गवत वाढून तारेला टेकलं की करंट जातो, म्हणून तारेखालून गवत मारत बसायचं. हिवाळ्यात भरतीच्या वेळी मोजणी. चिखल पाण्याखाली गेला की सगळे पक्षी एका जागी येऊन बसतात, हे तुला मी सांगायला नको.

तिथल्या इतिहासातली एक गोष्ट मला फार आवडते. उचाट्या, तो वर वळलेल्या चोचीचा पक्षी, इंग्लंडमधून जवळजवळ शंभर वर्षं घरटी करायचा बंद झाला होता. दुसऱ्या महायुद्धात जर्मन उतरू नयेत म्हणून पूर्वेकडच्या सफक परगण्याच्या किनाऱ्यावरची कुरणं मुद्दाम पाण्याखाली घातली, आणि १९४७ ला उचाट्या तिथे परत वीण करायला लागला. आता तर पाणी हेतूने आत घेतात. लिंकनशायरमध्ये फ्रीस्टन शोअरला २००२ ला समुद्राचा बांध स्वतःच फोडला, मागच्या शेतजमिनीची खारी दलदल केली. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, ‘बांध फोडायला पगार देतात?’

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. आपल्याकडे बांध फुटला की भाताचं शेत गेलं. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या खाऱ्या जमिनीत येणाऱ्या भाताच्या जाती लावल्या तरी रोजच्या भरतीत काही उभं राहत नाही. चार-पाच वर्षांत तिवरं, म्हणजे कांदळवनाची झाडं, येतात, आणि मग मुंबई उच्च न्यायालयाचा २००५ चा आदेश: कांदळवन तोडायचं नाही, भोवतीच्या ५० मीटरांत बांधकाम नाही. आदेश हवाच होता, त्याच्यामुळेच किनाऱ्यावर काही शिल्लक आहे. पण ज्याचं शेत गेलं त्याच्या पडवीत बसून, त्याच्या घरचा चहा पिऊन, ‘आता याला हात लावू नका’ हे सांगायला मी जायचो. तिथे कुणाला असं सांगावं लागत नाही. जमीन विकत घेतात नाहीतर पैसे मोजतात. मी त्या कामातून सुटलो याचं मला बरं वाटतं. आणि बरं वाटतं याचंच वाईट वाटतं.

मुलीच्या शाळेचं. अभ्यासाची काळजी करू नकोस, मुलं भाषा भराभर उचलतात. पण गणपती! त्यांचं वर्ष सप्टेंबरला सुरू होतं, म्हणजे ऐन गौरी-गणपतीत. मी अर्ज केला. मुख्याध्यापिकाबाई गोड बोलल्या: धार्मिक सणाचा एक दिवस मंजूर, बाकीचे विनापरवानगी. पाच दिवस भरले की दंड, २०२४ पासून प्रत्येक पालकाला ८० पाउंड. मी म्हटलं, बाई, आमचा गणपती एका दिवसात येऊन जात नाही, आणि गुहागर काही पलीकडच्या गल्लीत नाही. त्यांनी नियमाची प्रत हातात दिली. एक वर्ष दंड भरून आलो. पुढच्या वर्षी तिकिटं काढायला बसलो तर मुलगीच म्हणाली, ‘बाबा, माझी अटेंडन्स.’ शंभर टक्के हजेरीचं प्रमाणपत्र फ्रिजवर लावलंय. दूध काढताना रोज दिसतं. शाळेवर रागवावं तर ती मुलीला चांगलं शिकवते, मुलीवर रागवावं तर ती माझंच ऐकून शहाणी झाली.

एकटेपणाबद्दल विचारलंस. असतो. अंगवळणी पडतो. पुढे.

लोक विचारतात, तुझे पक्षी इकडे आले का? इथल्या खाडीतला कोरल, तो लांब वाकड्या चोचीचा, इंग्लंडहून येत नाही, मध्य आशिया-रशियाकडून येतो. माझ्यासाठी कुणी निरोप घेऊन येत नाही. पण काल खाडीवर गेलो होतो. माझा जुना प्रकल्प संपल्यापासून तिथे मोजणी बंद आहे. ठाण्याच्या खाडीला रोहित (फ्लेमिंगो) आहेत, २०२२ ला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, तिथे सगळ्यांचं लक्ष असतं. आमच्या खाडीला कोण? तिकडे माझ्या पाणथळीवर मोजायला निवृत्त लोक दुर्बिणी घेऊन थंडीत उभे असतात. मी उद्या सोडलं तर परवा दुसरा येईल.

म्हणून ये की नको ते मी सांगणार नाही. संशोधनाचा अभ्यासक्रम मिळत असेल, किंवा बायकोच्या कामावर व्हिसा होत असेल, तर विचार कर. कर्ज काढून नुसत्या एम.एस्सी.ला येऊ नकोस. आणि यायचंच ठरलं तर मोजणीच्या वह्या कपाटात ठेवून येऊ नकोस. खाडीवर रोज जाणारा एखादा कालवं काढणारा, शाळेतला एखादा गुरुजी, कुणीतरी बघ आणि दोन हिवाळे त्याला बरोबर घेऊन मोज. कोण मिळतो ते मला कळव.