ज्याचं त्याला

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. इतकं सगळं मोबाइलवर टाइप करायचा धीर नाही, म्हणून पत्रच लिहिते. पोर्शनमधले दोन घटक राहिलेत, टेबलावर बातमीलेखनाच्या वह्यांचा ढीग पडलाय, अंतर्गत गुण पोर्टलवर भरायची मुदत तोंडावर आलीय आणि नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फाइलसाठी फोटो मागणारे वेगळेच. वर तुझा प्रश्न : मॅडम, आधी काय उरकू?

वह्या. राहिलेल्या घटकांपैकी वृत्तपत्रांचा इतिहास मुलं कुठूनही वाचतील. 'दर्पण' 6 जानेवारी 1832 ला निघालं हे स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये त्यांनी केव्हाच पाठ केलंय. पण आपण लिहिलेल्या बातमीत कुठं घसरलो हे त्यांना गाइड सांगणार नाही, क्लासवाले सांगणार नाहीत. ते तूच सांगायचं, आणि परीक्षेच्या आधी सांगायचं. निकालानंतर परत केलेली वही कुणी उघडत नाही. आपल्या बहुतेक कॉलेजांत तर ती परतही जात नाही. कपाटात पडते आणि दोन वर्षांनी रद्दीत.

सत्र संपवणं म्हणजे ज्याचं त्याला परत करणं, असं मी आता मानते. पोर्शन पुरा झाल्याची नोंद डायरीत होते, तिच्याशी मला फारसं देणंघेणं नाही. आपल्या पत्रकारितेच्या विषयात मुलं बाहेर जाऊन माणसांकडून काहीतरी घेऊन येतात आणि आपण ते जमा करून ठेवतो. वेळ घेतलेला असतो, बोलणं घेतलेलं असतं, चेहरे घेतलेले असतात. त्याचा हिशेब गुणपत्रिकेत कुठंच येत नाही.

वह्या तपासताना सगळं लाल करू नकोस. एका वहीत एकच खोड धर आणि तिच्याविषयी चार ओळी लिही. शुद्धलेखनाच्या चुकांवर गोल मारत बसलास तर मुलाला वाटतं, तेवढंच बिघडलंय. पावसाळ्यात लिहिलेल्या पुराच्या बातम्या काढ. आपल्या कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी. निम्म्या वह्यांत पंचगंगा 39 फुटांवर 'धोक्याची पातळी ओलांडून' वाहत असेल. ही चूक व्याकरणाची नाही. 2019 आणि 2021 चा पूर पाहिलेल्या गावात एवढ्या एका शब्दावर माणसं जनावरं सोडून सामान हलवायला लागतात. हे त्या मुलाच्या वहीत लिही, आणि कारण देऊन लिही.

अंबाबाईच्या देवळातल्या किरणोत्सवाच्या बातम्या तर वेगळ्या काढून वाच. 9, 10 आणि 11 नोव्हेंबर या तारखा ठरलेल्या. मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यात येतात, पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी त्याच्या वर, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत, असा क्रम सगळ्यांना तोंडपाठ. त्यामुळं बातमी आदल्या दिवशीच लिहून तयार असते. प्रत्यक्षात एखाद्या वर्षी ढग येतात, हवेत धूळ असते, वाटेत इमारतींचा अडथळा येतो आणि किरणं अलीकडंच थांबतात. ज्यानं 'आज किरणं कमरेपर्यंतच पोहोचली' असं लिहिलंय, त्याचं मराठी कितीही कच्चं असो, तो तिथं उभा होता. त्याला जास्त गुण दे. ज्यानं सोनेरी किरणांचा अभिषेक वगैरे घातलाय, त्याला एकच प्रश्न विचार : किती वाजता?

तू चॅटजीपीटीचं विचारलंस. ओळखत बसू नकोस, त्यात तुझी रात्र जाईल आणि हाती संशयाशिवाय काही लागणार नाही. तोंडी परीक्षेला प्रत्येकाकडून टिपणवही मागून घे. छापील फीचर बाजूला ठेव आणि वहीतल्या खरडीवर बोल. गुऱ्हाळावर लिहिलंय ना? मग चुलवाणात जळण काय होतं, काहील उतरवायला किती माणसं लागली, पाक झाला हे गुळव्यानं कशावरून ओळखलं? जो जाऊन आलाय तो हात हलवून सांगायला लागतो. त्याला थांबवावं लागतं. जो गेलेला नाही तो गुळाचे औषधी गुणधर्म सांगतो. न गेलेल्याला नापास करण्यापेक्षा दोन दिवसांची मुदत दे आणि धाड. हंगाम सुरू आहे, गुऱ्हाळ काही लांब नाही.

हजेरीचं. 75 टक्क्यांचा नियम आहे आणि यादी लावावीच लागेल. पण यादी लावण्याआधी गैरहजर पोरांशी एकदा बोल. आपल्याकडं राधानगरी, गगनबावडा, पन्हाळ्याकडून एसटीनं येणारी मुलं असतात. घरच्या उसाला तोड आली की ती आठवडाभर दिसत नाहीत. अशा मुलाला मेडिकल सर्टिफिकेट आणायला लावून खोटं बोलायला शिकवू नकोस. तोड मिळवायला काय करावं लागतं, वाहतूकदार वरचे पैसे कशाचे मागतो, एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर, जाहीर होणं आणि खात्यावर येणं यात काय घडतं, हे त्याला लिहून आणायला सांग. शहरातल्या पोरांना ही बातमी सापडणार नाही. अर्थात त्यानं हजेरीची टक्केवारी वाढत नाही. तो प्रश्न विभागप्रमुखांपुढं तुलाच न्यावा लागेल, आणि तासिका तत्त्वावरच्या माणसाचं किती ऐकतात ते मला ठाऊक आहे. तरी ने.

आता बाहेरच्या माणसांकडं येते, कारण तिथं आपण सगळेच उधारीवर जगतो. चप्पल कारागिरांवर दर वर्षी कुठलं ना कुठलं कॉलेज डॉक्युमेंटरी करतं. 2019 ला कोल्हापुरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा कॅमेरे आले, 2025 च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानमधल्या शोमध्ये तसल्याच चपला दिसल्या तेव्हा पुन्हा आले. सुभाषनगरातला कारागीर काम थांबवून बोलतो, तेवढा वेळ त्याची शिवण थांबते. फिल्म कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवली जाते, टाळ्या होतात, प्रमाणपत्रं वाटली जातात. ज्याच्यावर ती केली त्याला ती झाल्याचंही कळत नाही. तुझ्या गटांना सांग, की गुण भरण्याआधी फिल्म त्या माणसाला त्याच्या मोबाइलवर दाखवून यायची. प्रायोगिक अंक छापलात, तर ज्यांची नावं त्यात आहेत त्यांना एकेक प्रत हातात द्यायची. यात काही वेळा अंगावर येतं. 'मी असं म्हटलंच नव्हतं' असं ऐकावं लागतं. ऐकू दे. पुढं जिल्हा पानावर काम करतील तेव्हा ते फोनवर ऐकणारच आहेत. आत्ता निदान तू पाठीशी आहेस.

यूट्यूबवर काय चढवायचं ते मात्र तूच ठरव. मुलांना घाई असते, आणि कॉलेजलाही प्रसिद्धी हवी असते. वर्गात दाखवणं वेगळं आणि जगाला दाखवणं वेगळं. पार्श्वसंगीताला सिनेमाचं गाणं लावलं असेल तर ते काढल्याशिवाय अपलोड नको. माणसानं 'कॉलेजच्या अभ्यासासाठी' म्हणून होकार दिला असेल, तर तो होकार तेवढ्यापुरताच, पुन्हा विचारायचं. आणि अत्याचारासारख्या प्रकरणात अल्पवयीन मूल असेल तर त्याचं नाव, चेहरा, शाळा, गल्ली काहीच बाहेर जाता कामा नये. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम 23 नं तो गुन्हा आहे. चेहरा धूसर केला आणि मागं शाळेची पाटी तशीच ठेवली, असं सर्रास दिसतं. अपलोड करण्याआधी प्रत्येक फिल्म एकदा आवाज बंद करून बघ, म्हणजे पाट्या दिसतील.

कॅमेरे, ट्रायपॉड, कॉलर माइक मोजून घे, सही घे. यावर जास्त लिहीत नाही.

मेमरी कार्डवर मात्र लिहिते. कार्ड परत आलं की लॅब असिस्टंट ते फॉरमॅट करतो, कारण पुढच्या बॅचला रिकामं द्यायचं असतं. त्याला थांबव. बाबूराव पेंटरांनी याच गावात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, 1920 साली त्यांचा 'सैरंध्री' आला, आणि आज त्या कंपनीच्या बहुतेक मूकपटांची फीत कुठंच उरलेली नाही. आपण व्याख्यानांत त्याबद्दल हळहळतो आणि लॅबमध्ये फॉरमॅटचं बटण दाबतो. 2024 च्या 8 ऑगस्टला रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. त्याच्या आधी कुणा विद्यार्थ्यानं तिथल्या एकांकिकेच्या तालमीचं हलतं-डुलतं, आवाज फाटलेलं शूटिंग केलं असेल, तर ते आज दस्तऐवज आहे. असेल कुणाकडं तर. विभागाकडून एक हार्ड डिस्क मागून घे. नाही मिळाली तर मुलांकडून वर्गणी काढ. प्रत्येक गटाचं कच्चं चित्रण एका फोल्डरमध्ये टाक, फोल्डरला तारीख, जागा आणि विषय यांचं नाव दे, 'फायनल फायनल 2' नको. सोबत एका साध्या फाइलीत कोण बोललं आणि कशासाठी होकार दिला ते लिही. डिस्क विभागाच्या कपाटात, यादीची प्रत ग्रंथपालांकडं. ग्रंथपालांना कुणी काही ठेवायला देत नाही, ते आनंदानं ठेवतील.

मुलांकडून अभिप्रायाचा फॉर्म भरून घ्यावा लागेल, तो घे, सगळे 'उत्तम'वर टिक करतात. खरं ऐकायचं असेल तर शेवटच्या तासाला कोऱ्या चिठ्ठ्या वाट आणि एवढंच विचार, की या सत्रातला कुठला तास फुकट गेला? चिठ्ठ्या घरी नेऊन वाच. स्टाफरूममध्ये नको.

रविवारी मी घरीच आहे. ढिगातल्या थोड्या वह्या घेऊन ये, एका वहीत एकच खोड कशी धरायची ते करून बघू. येताना त्या किरणोत्सववाल्या नक्की आण.

तुझी,
मॅडम

ता. क. तासिकांचं बिल सत्र संपायच्या आत भर. हजेरीपत्रकावरच्या तारखा आणि बिलातल्या तारखा जुळवून घे. सुट्टीच्या दिवशीचा एखादा तास चुकून लिहिला गेला तर अख्खं बिल परत येतं. प्राचार्यांची सही झाल्यावर झेरॉक्स काढ, आवक क्रमांक त्याच्यावर लिहून घे आणि मगच गावी जा.