सक्तीची खरेदी, अधिग्रहण की भूसंपादन?

प्रश्न असा आहे : सार्वजनिक घरांसाठी जमिनी कशा घेतल्या जातात, याची माहिती देणारी पुस्तिका रहिवाशांसाठी लिहायची आहे. इंग्रजी मजकुरातल्या ‘कम्पल्सरी पर्चेस’साठी ‘सक्तीची खरेदी’ लिहावे, बातम्यांत दिसते तसे ‘भूमी अधिग्रहण’ लिहावे, की ‘भूसंपादन’?

भूसंपादनच लिहा.

‘सक्तीची खरेदी’ म्हटले की सक्ती घेणाऱ्यावर झाली असे वाटते. शाळेने ठरावीक दुकानातूनच वह्या घ्यायला लावल्या, तर ती सक्तीची खरेदी. इथे सक्ती देणाऱ्यावर आहे. शिवाय महसुली कामकाजात ‘थेट खरेदी’ हा शब्द याच्या बरोबर उलट गोष्टीसाठी रुळला आहे : वाटाघाटी करून, मालकाच्या संमतीने, खरेदीखत करून जमीन घेणे. समृद्धी महामार्गासाठी अशी थेट खरेदी झाली. त्यात आणखी एक भर म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधल्या कलम ४९ ची ‘खरेदी सूचना’. ती देतो जमीनमालक! शहराच्या योजनेत सार्वजनिक कामासाठी राखून ठेवल्यामुळे, म्हणजे आरक्षणामुळे, जमीन माझ्या काही कामाची राहिली नाही, तेव्हा आता ती विकत घ्या, असे तो शासनाला सांगतो. इतक्या खरेद्यांत आपली चौथी घुसवून वाचकाचा गोंधळ कशाला वाढवायचा?

‘अधिग्रहण’ मला याहून जास्त खटकते. हिंदीत ‘भूमि अधिग्रहण’ म्हणतात आणि तिथून ते आपल्या बातम्यांत आले. पण मराठी कारभारात अधिग्रहणाला स्वतःचा पक्का अर्थ आहे. टंचाईत तहसीलदार खासगी विहीर अधिग्रहित करतात, निवडणुकीत जीपगाड्या अधिग्रहित होतात. पाऊस पडला की विहीर मालकाची, मतदान आटोपले की जीप परत. म्हणजे वापर घेतला जातो, मालकी जात नाही. राज्यघटनेच्या समवर्ती सूचीतल्या (केंद्र आणि राज्ये दोघांनाही कायदे करता येतात अशा विषयांच्या यादीतल्या) ४२ व्या नोंदीतही संपादन आणि अधिग्रहण या दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. तुमच्या पुस्तिकेत ‘अधिग्रहण’ वाचून एखाद्या आजोबांना जमीन काही वर्षांनी परत मिळेल असे वाटले, तर चूक त्यांची नसेल.

संपादन म्हणजे मिळवणे. आपण विद्या संपादन करतो, यश संपादन करतो, कुणाचा विश्वास संपादन करतो. २०१३ च्या केंद्रीय कायद्याच्या मराठी नावाची सुरुवातही ‘भूमिसंपादन’ अशीच आहे. एक उणीव मात्र मान्य करायला हवी : विश्वास मन जिंकून मिळवतात, जमीन मालक नको म्हणत असतानाही घेता येते, आणि या सौम्य शब्दात ती सक्ती दिसत नाही. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘सक्तीचे भूसंपादन’ लिहा आणि मालकाची संमती नसली तरी ते होऊ शकते, हे तिथेच सांगा. माझे मामा ‘जमीन संपादित झाली’ असे कधीच म्हणाले नाहीत. ‘रान कॅनॉलात गेलं’ एवढेच म्हणायचे. त्या ‘गेलं’मध्ये सगळे येते.

नियोजनाच्या बाजूचे शब्दही नीट वापरा. सगळे ‘विकास आराखडा’ म्हणतात, नगररचनेच्या १९६६ च्या कायद्यात ‘विकास योजना’ आहे. नुसते ‘योजना’ लिहिले तर लोकांना अनुदानाची योजना वाटते, म्हणून ‘शहराची विकास योजना (आराखडा)’ असे लिहावे. प्लॉटवर आरक्षण ‘पडते’, हे क्रियापद जरूर ठेवा. अंगावर काही पडावे तसे ते मालकाला न विचारता येते. ‘आरक्षण उठले’ लिहिताना मात्र जपा. शासनाने योजनेत फेरबदल करून उठवले तर ते ‘उठवले’. योजना अंमलात येऊन १० वर्षे झाली, मालकाने त्याच कायद्याच्या कलम १२७ ची सूचना दिली आणि नंतरच्या २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत, तर ते ‘व्यपगत’ होते. हा शब्द जड आहे, पण कागदावर तोच असतो. कंसात ‘आपोआप संपते’ असे लिहा.

तुमचे वाक्य होते : ‘स्थानिक नियोजन धोरणानुसार घरांसाठी जमिनीची सक्तीची खरेदी करण्यात येईल.’ त्याऐवजी : ‘शहराच्या विकास योजनेत सार्वजनिक घरांसाठी आरक्षण पडलेली जमीन, मालकाची संमती नसली तरी, मोबदला देऊन संपादन करता येते.’