सीझरची तारीख मिळाली, आता पिशवीत काय भरू?

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं पहिलंच बाळंतपण आहे, माहेरी गंगाखेडला आलेय. बाळ पायाळू आहे म्हणून डॉक्टरांनी परभणीला सीझर करू म्हणलंय, ३९ आठवडे भरल्यावरची मे महिन्यातली तारीख दिलीय. आता घरात जो तो वेगळंच सांगायलाय. आईनं दोन मोठ्या बॅगा भरून ठेवल्यात, सासूबाई सेलूहून फोन करून मध, गुटी, काजळ, पाचवीचं सामान सगळं घ्या म्हणायल्यात, आणि मोबाईलवर बघावं तर लांबलचक याद्या, त्यातल्या निम्म्या वस्तू मी कधी ऐकल्या पण नाहीत. खरंच काय लागतं आणि काय घरी ठेवायचं, नीट सांगा ना.
– एक वाचक, गंगाखेड

उत्तर : पहिलं हे सांगते, तारीख मे ची असली तरी पिशवी ३६ वा आठवडा संपायच्या आत भरून तयार ठेव. कळा आधीपण सुरू होऊ शकतात, आणि तुझं बाळ पायाळू आहे म्हणून तुला जास्तच जपायचंय, पाणी गेलं की थांबून बघू, दुखलं तर जाऊ, असं करत बसायचं नाही, गाडीत मागच्या सीटवर आडवं पडायचं आणि सरळ दवाखाना गाठायचा. अंगावरून लाल गेलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तरी तसंच. आणि कुणी चांगला मुहूर्त काढून तारीख अलीकडं घ्या म्हणलं तर स्पष्ट नाही म्हण, ३९ आठवडे भरू देण्यात लेकराच्या फुप्फुसाचा फायदा असतो.

आता पिशवी. एक गोष्ट डोक्यात पक्की ठेव गं, ही पिशवी तू उघडणार नाहीस. सीझर झाल्यावर काही तास कमरेखाली भूल असते, हाताला सलाईन, लघवीची नळी लावलेली, त्यात पोटाला टाके, उठून वाकून काही शोधायचं नावच नको. पिशवी उघडणार तुझी आई नाहीतर नवरा, आणि ते पण घाबरलेल्या हातांनी. थिएटरच्या दारात हे मी किती वेळा बघितलंय. दार अर्धं उघडतं, सिस्टर आवाज देती, बाळाचे कपडे द्या लवकर, आणि बाहेर आजी बॅगची चेन ओढून आधी साड्या काढती, मग डबा, मग टॉवेल, मग चार्जर, आणि झबलं निघतं एकदम तळातून, तोवर तिला रडू आलेलं असतं. म्हणून दोन मोठ्या बॅगांपेक्षा एक छोटी कापडी पिशवी आणि एक मोठी बॅग असं कर. छोटीत फक्त थिएटरच्या दारात लागणारं, म्हणजे दोन झबली, एक टोपडं, तीन-चार लंगोट, दोन मऊ दुपटी, तुझ्यासाठी मोठ्या पॅडचं पाकीट, दोन निकर, आणि कागदांची फाईल. ही पिशवी तू भरूच नको, तू खाटेवर बसून सांग आणि आईच्या हातानं भरून घे, मग तिला पाठ राहतं कुठं काय आहे ते.

फाईलमध्ये माता-बाल कार्ड, सगळ्या सोनोग्राफ्या, रक्ताचे रिपोर्ट, दोघांचं आधार, रेशनकार्ड, विमा किंवा योजनेचं कार्ड असेल तर ते, आणि सगळ्यांच्या दोन-तीन झेरॉक्स. रक्तगट फाईलवरच मोठ्या अक्षरात लिही. तुझा गट निगेटिव्ह असला आणि बाळाचा पॉझिटिव्ह निघाला तर तुला ७२ तासांच्या आत एक इंजेक्शन घ्यावं लागतं, त्या गडबडीत ते कुणाच्या ध्यानातून जायला नको. बीपी, थायरॉईडची गोळी चालू असेल तर स्ट्रिपसकट घे.

तुझ्या कपड्यांचं मात्र नीट ऐक, इथंच बायका फसतात. टाके ओटीपोटावर खाली असतात, आणि परकराची नाहीतर सलवारची नाडी बरोबर त्याच्या आसपास येती, उठताबसता ती घासती, ओली राहती, त्रास होतो. म्हणून चार-पाच दिवस साडी आणि ड्रेस विसर, पुढून बटणं किंवा चेन असलेले ढगळ सुती गाऊन घे तीन-चार, म्हणजे दूध पाजायला पण सोपं जातं. निकर नेहमीपेक्षा मोठ्या साईजच्या आणि कमरेच्या वरपर्यंत येणाऱ्या. सीझर झालं म्हणून अंगावरून जात नाही असं पुष्कळ जणींना वाटतं, तसं नाही, पोटातून बाळ काढलं तरी अंगावरून जातंच, काही आठवडे जातं, त्यामुळं पॅड भरपूर घे. चप्पल न वाकता पाय घालता येईल अशी, खाली न घसरणारी, कारण दुसऱ्या दिवशी नाहीतर त्याच्या आधीच तुला उठवून चालवतील आणि चालायलाच पाहिजे, पायात रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून. एक छोटी उशी घे, खोकला आला, शिंक आली, हसू आलं की ती पोटावर दाबून धरायची, टाक्यांना खूप आधार मिळतो. आणि पाण्याची नळीवाली बाटली, आडवं पडून पाणी पिता येतं, ग्लासानं पाजायला गेलं की अर्धं मानेवरून जातं. पोटाचा पट्टा डॉक्टरांना विचारल्याशिवाय विकत आणू नको.

हिरवा चुडा, जोडवी, पैंजण, नथ, मंगळसूत्र हे सगळं थिएटरमध्ये काढावं लागतं. आत करंटवर चालणारं मशीन वापरतात, धातूमुळं भाजायची भीती असती, आणि हातावर सूज आली तर बांगडी निघत नाही. ऐनवेळी दारात बांगड्या वाढवायची वेळ आली की बाळंतीण रडायला लागती, सासूचा चेहरा उतरतो, कुणालाच बरं वाटत नाही. त्यापेक्षा आदल्या दिवशी घरी देवापुढं बसून सासूबाईंच्या नाहीतर आईच्या हातानं शांतपणे उतरवून घे, डबीत ठेव, घरी आल्यावर परत भर. नेलपॉलिश पण पुसून टाक, बोटाला जो चिमटा लावतात त्यानं रक्तातला ऑक्सिजन कळतो, रंगामुळं त्यात गडबड होऊ शकती. घरी ब्लेडनं केस काढत बसू नको, बारीक जखमा होतात आणि त्यातून इन्फेक्शन होतं, ते दवाखान्यात करतील. उपाशी राहायचं सांगितलं की त्यात दुधाचा चहा पण आला, तो खाण्यातच धरतात. साधं पाणी कधीपर्यंत प्यायचं ते भुलीच्या डॉक्टरांना विचार.

लेकराचं सामान मोबाईलवाल्या यादीपेक्षा पुष्कळ कमी लागतं. आजीची जुनी सुती साडी किंवा आजोबांचं धोतर फाडून, गरम पाण्यात धुऊन, कडक उन्हात वाळवलेली दुपटी नव्या महागड्या ब्लँकेटपेक्षा कितीतरी चांगली. नवे कपडे असतील तर ते पण एकदा धुऊनच घे. मे मधलं परभणीचं ऊन तुला माहितीच आहे, थिएटर मात्र एसीनं गार असतं, म्हणून जन्मल्या जन्मल्या टोपडं आणि दोन थर पाहिजेतच, पण नंतर एसी नसलेल्या वॉर्डात स्वेटर, मोजे, गोधडी असं सगळं चढवून ठेवायचं नाही. छातीला हात लावून बघायचं, घाम असला की एक थर कमी.

आता सासूबाई. त्या प्रेमानंच सांगायल्यात, त्यांच्याशी भांडू नको, पण मध आणि गुटी पिशवीत जाऊ देऊ नको. एक वर्षाच्या आतल्या लेकराला मधातून विषबाधा होऊ शकती, ती जिवावर बेतती. पहिलं पाजायचं ते तुझं चिकाचं दूध, पिवळं, घट्ट, थोडंसंच येतं आणि तेवढंच पुरतं. सीझर झालं म्हणून दूध उशिरा पाजायचं असं काही नसतं, तू आणि बाळ ठीक असाल तर पहिल्या तासातच सिस्टरला म्हण मला पाजायचंय, कुशीवर करून द्या. बाटली आणि पावडरचा डबा तर घेऊच नको, हाताशी असला की पहिल्याच रात्री कुणीतरी उघडतं. काजळ डोळ्यात नको, नाळेवर तेल-हळद काही नको, ती कोरडी ठेवायची, आंघोळ पण पहिले २४ तास नको. पाचवीची पूजा घरी आल्यावर करा ना, तू पाचव्या दिवशी दवाखान्यात असलीस तर वॉर्डात दिवा-उदबत्ती लावता येणार नाही, तिथं ऑक्सिजन असतो. सासूबाईंना हे सगळं तू सांगण्यापेक्षा पुढच्या तपासणीला त्यांना सोबत ने आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे, लवकर पटतं. डिंकाचे, अळिवाचे लाडू घरीच राहू दे, आधी पातळ पेज, वरण, मग भाकरी, पोट साफ व्हायला लागलं की लाडू.

प्रश्न : बायकोचं सीझर अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात ठरलंय. मी काय न्यावं आणि पैसे किती जवळ ठेवावे?
– एक वाचक, माजलगाव

उत्तर : वरचं सगळं तुम्हाला पण लागू आहे, फक्त बादली, मग, जादा चादरी, बाळाची छोटी मच्छरदाणी आणि बॅगेला कुलूप एवढं वाढवा. सरकारी दवाखान्यात २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे, त्यात सीझर, औषधं, तपासण्या, रक्त हे मोफत असतं, सीझरवाल्या बाईला ७ दिवसांपर्यंत जेवण पण मिळतं आणि घरी सोडायला गाडी पण, त्यासाठी १०२ नंबर आहे. जननी सुरक्षा योजनेत, म्हणजे बाळंतपणाचे पैसे खात्यात मिळतात त्या योजनेत, तुम्ही बसत असाल तर बायकोच्या नावाचं पासबुक घ्या. थोडी रोकड सुट्टीच ठेवा, मोबाईलचा चार्जर लांब वायरचा घ्या, आणि रक्त द्यायला दोन धडधाकट मित्र तयार ठेवा. रात्री वॉर्डात बाईमाणूसच लागतं, म्हणून कोण थांबणार ते आजच ठरवा, बाकीच्या पाहुण्यांना घरी या म्हणा, टाके ताजे असताना बाळंतिणीला झोप पाहिजे, आणि सर्दी-खोकला असलेल्या माणसानं लेकरू हातात घ्यायचंच नाही. सुट्टी घ्यायच्या आधी बाळाला बीसीजी, पोलिओ आणि काविळीची लस मिळाली का ते कार्डावर बघा. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते, दवाखान्यातून माहिती जाते पण आई-बापाचं नाव फॉर्मवर आधारसारखंच लिहिलंय का ते स्वतः वाचून घ्या, बाळाचं नाव नंतर टाकता येतं.