सेवेत असताना अपंगत्व आले, तर नोकरी जाते का?

प्रश्न : माझे पती जिल्हा परिषदेत वाहनचालक आहेत. अपघातानंतर त्यांचा एक पाय गुडघ्याखाली कापावा लागला. रजा संपवून ते कामावर हजर होण्यास गेले असता, ‘गाडी चालवता येत नसेल, तर स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज द्या’ असे तोंडी सांगून त्यांना परत पाठवण्यात आले. आम्ही मानवी हक्क आयोगाकडे जावे का? वकिलाचा खर्च झेपणारा नाही.
– एक वाचक भगिनी

उत्तर : तो अर्ज त्यांनी कोणत्याही परिस्थितीत देऊ नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २०(४) नुसार सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेने कामावरून कमी करता येत नाही किंवा खालच्या पदावर आणता येत नाही. मूळ पदाचे काम जमत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत व सेवालाभांसह दुसरे पद द्यावे लागते आणि असे पद रिक्त नसेल, तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर, अधिसंख्य (म्हणजे मंजूर पदांव्यतिरिक्त निर्माण केलेल्या जादा) पदावर ठेवावे लागते. जिल्हा परिषद ही स्थानिक संस्था असल्याने तिलाही हे कलम लागू आहे. (खासगी नोकरीला मात्र हे विशिष्ट संरक्षण नाही.) १९९५ च्या जुन्या कायद्यातही अशीच तरतूद होती व सेवेत पाय गमावलेल्या एका शिपायाच्या, म्हणजे कुणाल सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ती बंधनकारक ठरवली. स्वतःहून अर्ज दिला, की कार्यालय ‘त्यांनीच निवृत्ती मागितली’ असे म्हणायला मोकळे होते. अर्ज मागण्यामागचा हेतू बहुधा तोच असतो.

मानवी हक्क आयोगाचे नाव सर्वांना आधी आठवते. पण सेवाविषयक तक्रारी आयोग सहसा दाखल करून घेत नाही, त्यामुळे तेथे वेळ दवडू नये. कायद्याप्रमाणे शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असतो आणि त्याने दोन आठवड्यांत चौकशी करणे अपेक्षित आहे. तेथे समाधान न झाल्यास दिव्यांगांविषयीच्या जिल्हास्तरीय समितीकडे, तसेच पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जाता येते. आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे व कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार असले, तरी त्यांचा निर्णय शिफारशीच्या स्वरूपाचा असतो. म्हणून गरज पडल्यास उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागेल.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो व त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर विचारावे. दिव्यांगत्व प्रमाणपत्र अजून काढले नसेल, तर ते आधी काढावे.

तोंडी नकार सिद्ध करणे अवघड असते. म्हणून लेखी रुजू अहवाल व पर्यायी पदाची मागणी आवक शाखेत देऊन पोच घ्यावी, आणि पोच नाकारल्यास तेच कागद नोंदणीकृत डाकेने पाठवावेत. पुढे थकीत वेतन मागताना पती कधीपासून कामावर येण्यास तयार होते, हे त्या कागदावरील तारखेवरूनच दाखवता येईल.