उन्हाळ्यात जंगल-डोंगरातल्या वाटांवर माउंटन बाइक चालवायची तर काय सांभाळावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षं डांबरी रस्त्यावर सायकल चालवताय, आता हार्डटेल, म्हणजे फक्त पुढं सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक घेतलीय, आणि या उन्हाळ्यात हौस म्हणून जंगलातल्या, डोंगरातल्या वाटांवर जायचंय. फुल सस्पेन्शन नसल्यानं अडेल का? आणि एवढ्या उन्हात जाणं वेडेपणा ठरेल का?

पहिल्याचं उत्तर लगेच देऊन टाकतो. अडणार नाही. हा खेळ ज्यांनी सुरू केला त्यांच्याकडं पुढचंही सस्पेन्शन नव्हतं. १९७६ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही हौशी मंडळींनी जुन्या, जाड टायरच्या, जडशीळ सायकली डोंगरातल्या एका कच्च्या रस्त्यानं खाली सोडल्या आणि वेळ मोजली. साडेतीन किलोमीटरच्या आत सुमारे ४०० मीटर उतार. ब्रेक मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, पेडल उलटं दाबलं की लागणारा. खाली पोचेपर्यंत हबमधलं ग्रीस जळून त्याचा धूर व्हायचा आणि पुन्हा नवं भरावं लागायचं. त्या शर्यतीला ‘रीपॅक’ हे नाव त्यावरूनच पडलं. तुमची हार्डटेल त्या धुडांच्या कितीतरी पुढं आहे. उलट मी तर म्हणेन, पहिली दोन वर्षं हार्डटेलच बरी. वाट चुकीची निवडलीत की ती लगेच पाठीला कळवते.

दुसऱ्या प्रश्नात तुम्ही उन्हाचं विचारलंत, मातीचं नाही. रस्त्यावरून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाचं असंच होतं. पण उन्हाळा तुम्हाला दमवण्याआधी वाट बदलून टाकतो, आणि पहिलं पडणं बहुधा तिथंच होतं.

मातीत थोडा ओलावा असला की कण एकमेकांना धरून राहतात. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टायर कसा चिकटून चालतो हे पुढं अनुभवालच. उन्हाळ्यात हा ओलावा उडून जातो. खाली दगडासारखी टणक जमीन आणि वर बोटभर फुफाटा, नाहीतर बारीक सुटी खडी. फरशीवर मोहरी सांडावी आणि त्यावर पाय पडावा, तसं. सरळ जाताना यातलं काही जाणवत नाही. वळणावर जाणवतं.

माझं पहिलं उन्हाळी पडणं अगदी साध्या वळणावर झालं. उतार फारसा नव्हता, वेगही नव्हता. वळणात शिरलो, वेग जरा जास्त वाटला आणि रस्त्यावरच्या सवयीनं पुढचा ब्रेक दाबला. पुढचं चाक असं निघून गेलं, जणू कुणी खालून ओढून घेतलं. कोपर आणि मांडी सोलवटली, आणि लोळत असताना डोक्यात एकच विचार, की मी तर काहीच चुकीचं केलं नाही! केलं होतं. टायरकडं जमीन धरून ठेवण्याची जी ताकद असते ती एकच, तीच वळायलाही वापरायची आणि थांबायलाही. सुट्या मातीत ती आधीच निम्मी. वळणात ब्रेक दाबला की दोन्हीकडून मागणी येते आणि चाक हात वर करतं.

म्हणून ब्रेकचं सगळं काम वळणाच्या आधी, सायकल सरळ उभी असताना उरकायचं. दोन्ही ब्रेक, प्रत्येक लिव्हरवर एकच बोट. पुढच्या ब्रेकला घाबरू नका, थांबवण्याचं बरंचसं काम तोच करतो, कारण वजन पुढं येतं. फक्त तो सरळ रेषेत वापरा. वळणात शिरलात की बोटं सैल. बाहेरचं पेडल खाली, त्यावर पूर्ण भार, सायकल आत झुकलेली आणि धड तिच्यापेक्षा कमी झुकलेलं. नजर वळणाच्या तोंडावर नको, जिथून बाहेर पडायचंय तिथं हवी. हे वाचून येत नाही. एक सपाट, सुट्या मातीची जागा शोधा, दोन दगड ठेवा आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढत अर्धा तास फिरा. कंटाळवाणं आहे, पण मला स्वतःला दोन महिन्यांच्या भटकंतीपेक्षा त्या अर्ध्या तासांनी जास्त शिकवलं.

वाट वाचायलाही डोळा बसवावा लागतो. सुट्या मातीच्या वाटेवर एखादी गडद, घट्ट पट्टी असते, इतर चाकांनी धूळ झाडून नेलेली. ती धरा. वाळलेल्या पाचोळ्याचा ढीग दिसला की त्याखाली मूळ किंवा दगड आहे असंच समजा. आणि एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: ऊन-सावली. भर उन्हातून झाडीत शिरलं की डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला काही सेकंद लागतात, आणि ताशी २० किलोमीटरनं सायकल एका सेकंदात साडेपाच मीटर जाते. त्या काही सेकंदांत तुम्ही जवळजवळ आंधळे असता. त्यात काळा गॉगल असला तर बघायलाच नको. जंगलात पारदर्शक किंवा फिकट काचेचा चष्मा वापरा. धूळ, किडे आणि फांद्यांसाठी तो हवाच. झाडीत शिरण्याआधी वेग थोडा उतरवा.

आता टायरची हवा. रस्त्यावरून आलेली माणसं टायर दगडासारखे कडक ठेवतात. इथं तसं केलं तर सायकल प्रत्येक खड्यावरून उडते आणि जमीन पकडतच नाही. माझं वजन ७२ किलो, टायर २.३ इंची, आत ट्यूब. मी पुढं २४ आणि मागं २७ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक, पंपावर दिसतं) ठेवतो. याहून कमी केलं तर दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चिमटते आणि तिला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेला टायर असेल तर आणखी दोन-तीन पीएसआय उतरवता येतात, पण आतलं सीलंट, म्हणजे भोकं बुजवणारा द्रव, उन्हाळ्यात लवकर सुकतं, तेव्हा दोनेक महिन्यांनी उघडून बघा. शिवाय हवा गरम झाली की दाब वाढतो. पहाटेच्या २० अंशांत २५ पीएसआय भरलेला टायर ४० अंशांना पोचला की जवळपास २८ दाखवतो. त्यामुळे ‘सकाळी छान चालत होती, दुपारी उडायला लागली’ यात तुमच्या थकव्याइतकाच टायरचाही हात असू शकतो.

उष्णता ब्रेकमध्येही साठते. सायकल धरून ८५ किलो वजन ४०० मीटर खाली उतरवलं तर जेवढी ऊर्जा कुठंतरी जिरवावी लागते, तेवढ्यात एक लिटर साधं पाणी उकळीला येईल. थोडी वाऱ्यात आणि टायरमध्ये जाते, उरलेली दोन छोट्या डिस्कमध्ये, म्हणजे ब्रेक ज्यांना चिमटीत धरतो त्या चाकांवरच्या धातूच्या चकत्यांमध्ये. रीपॅकवाल्यांचं ग्रीस उगाच नव्हतं जळत. ब्रेक सतत अर्धवट दाबून उतरू नका. जोरात आणि थोडा वेळ दाबा, सोडा, डिस्कला वारा लागू द्या. लांब उतारावर मध्ये थांबलात तर डिस्कला हात लावू नका. मी लावलाय. लिव्हर अचानक हँडलपर्यंत यायला लागला तर ते दुर्लक्ष करण्याजोगं नाही, तिथंच थांबून गार होऊ द्या. तेल बदलायची वेळ आली तर एवढं ध्यानात ठेवा: काही ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं, काहींत डॉट फ्लुइड, आणि एकाच्या जागी दुसरं घातलं तर आतले सील खराब होतात.

राहिला प्रश्न तुमचा. वेडेपणा आहे का? दुपारी बारा ते चार, हो, आहे. बाकी वेळ नाही.

डोंगरात चढ हा उन्हाळ्याचा खरा शत्रू आहे. पेडलवर २०० वॅट लावताना शरीर त्याशिवाय सहाशे ते आठशे वॅट उष्णता तयार करत असतं, कारण आपलं इंजिन जेमतेम २० ते २५ टक्के कार्यक्षम. रस्त्यावर ती वारा घेऊन जातो. चढावर तुम्ही ताशी सहा-सात किलोमीटरनं सरकता, वारा नाहीच. म्हणजे सगळ्यात जास्त तापता तेव्हाच थंड व्हायची सोय सगळ्यात कमी. त्यामुळे चढ पहाटे उरकायचा, तोही शक्यतो पश्चिमेच्या अंगानं, कारण सकाळी डोंगराची सावली तिकडं असते. सगळ्यात हलका गिअर लावा आणि बोलता येईल इतक्याच दमानं चढा. उतरून सायकल ढकलण्यात कमीपणा काही नाही. मी ढकलतो.

शरीराला उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढ्यात घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. तेव्हा पहिल्या आठवड्यात तासाभराच्या वर जाऊ नका, अंगात कितीही रग असली तरी. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, थोडं थोडं. दोन तासांच्या वर जाणार असाल तर त्यात मीठ-साखर असू द्या. नुसतंच साधं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम घसरतं, आणि तेही धोक्याचंच.

उष्माघाताची एक खूण सगळ्यांना पाठ असते, की घाम थांबतो. मेहनत करणाऱ्या माणसाच्या बाबतीत ती भरवशाची नाही. घामानं निथळत असतानाही उष्माघात होतो. बघायचं ते वागणं. एकदा आमच्यातला एकजण, एरवी शांत माणूस, वाट कुठली यावरून विनाकारण चिडला, मग त्याला नेहमीचा गिअर बदलता येईना. आम्ही आधी हसलो. त्याचं मला अजून वाईट वाटतं. मग उमगलं, सावलीत आडवं केलं, सगळ्यांच्या बाटल्या त्याच्या अंगावर रिकाम्या केल्या आणि शर्टांनी वारा घातला. वीसेक मिनिटांत सावरला. चिडचिड, बरळणं, तोल जाणं यातलं काही दिसलं तर आधी अंग गार करायचं, जमेल तितक्या पाण्यानं, आणि ते करता करताच मदत बोलवायची. म्हणूनच एकट्यानं जाऊ नका. जावंच लागलं तर कुठून जाताय आणि किती वाजता परत येणार हे घरी सांगून जा.

सामानाची लांबलचक यादी देत नाही. हेल्मेट, पूर्ण बोटांचे ग्लोव्ह्ज, पंप, टायर लिव्हर, एक जादा ट्यूब, चेन जोडायची कडी, ॲलन कीचा संच. पंक्चर झालं तर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधा, नाहीतर पाच मिनिटांत दुसरीही जाईल. चेनला पातळ, कोरडं राहणारं ल्यूब लावा आणि वरचं पुसून काढा. जाड तेलावर फुफाटा बसून त्याची पॉलिश पेपरसारखी घासण होते.

आणि वाट काही आपल्या एकट्याची नाही. पायी चालणाऱ्याला आणि जनावरांना आधी जाऊ द्यायचं; चढून येणाऱ्या सायकलवाल्यासाठी उतरणाऱ्यानं थांबायचं, कारण त्याला चढावर पुन्हा सुरुवात करणं अवघड असतं. मागचं चाक लॉक करून घसरवत नेण्यात मजा येते, कबूल. पण त्या चराने वाट उखडते आणि पहिल्या पावसाचं पाणी तोच ओघळ धरून माती घेऊन जातं. जंगलात सायकलला परवानगी आहे की नाही ते आधी विचारून घ्या, आणि वाळलेल्या गवताजवळ विडी-काडी, स्टोव्ह काही नको.

तुमचं वजन, टायरच्या कडेवर छापलेली रुंदी आणि आत ट्यूब आहे की नाही हे कळवलंत तर हवेचा सुरुवातीचा आकडा सांगतो. तोवर माझ्या आकड्यांपासून सुरू करा आणि एकेक पीएसआय खाली-वर करून बघा.